रंगाखालचा वॉलपेपर

भिंतीला खळीने चिकटवलेल्या वॉलपेपरवर पुढे कधीतरी रंगाचा एक हात दिला जातो, मग दुसरा, मग तिसरा. काही वर्षांनी ती भिंत साध्या रंगवलेल्या भिंतीसारखीच दिसू लागते. ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातल्या जुन्या घरांत अशा भिंती जागोजाग आढळतात. नव्या घरमालकाला त्यांचा पत्ता लागतो तो एखाद्या सांध्यावर कागदाची कड सुटू लागल्यावर, किंवा नवा रंग ओला असतानाच भिंतीवर फुगे उठल्यावर. हा कागद काढणे हे वेळखाऊ काम आहे, पण ते अंगबळाचे काम नाही. खळ पाण्याने लागते आणि पाण्यानेच सुटते. रंगाने मधे येऊन तिची पाण्याशी गाठ तोडलेली असते, एवढीच अडचण. पाण्याला खळीपर्यंत वाट करून देणे आणि भिजायला पुरेसा वेळ देणे, या दोन गोष्टींवर सारे काम उभे आहे.

कागदावर रंग का चढला

ब्रिटनमध्ये छापील वॉलपेपर ही बराच काळ श्रीमंतांची चैन होती. राणी ॲनच्या कारकिर्दीत, १७१२ मध्ये, त्यावर कर बसला आणि तो १८३६ मध्ये उठला. त्याच सुमारास कागद सुट्या तावांऐवजी यंत्रावर अखंड गुंडाळीत निघू लागला, आणि लवकरच त्यावरची छपाईही यंत्राने होऊ लागली. लाकडी ठशांनी हाताने छापलेल्या कागदापेक्षा हा कागद कितीतरी स्वस्त पडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉलपेपर कामगारवस्तीतल्या लहान घरांपर्यंत पोचला. नवा लावताना जुना काढण्याची तसदी दर वेळी घेतली जाई असे नाही. जुन्यावरच नवा चिकटे. न्यूयॉर्कमध्ये ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या पत्त्यावर १८६३ मध्ये बांधलेली भाडेकरूंची इमारत आहे. तिथे आज टेनेमेंट म्युझियम हे संग्रहालय चालते. या इमारतीतल्या भिंतींवर वॉलपेपरचे एकावर एक वीसच्या आसपास थर सापडले. तिथे राहून गेलेल्या कुटुंबांची जणू वहीच त्या भिंतीवर शिल्लक राहिली.

काही कागद तर मुळातच रंगवण्यासाठी बनवलेले होते. जर्मनीत ह्यूगो एरफुर्ट यांनी १८६४ मध्ये दोन कागदांमध्ये लाकडाचा भुसा भरून खडबडीत कागद तयार केला. विसाव्या शतकात तो भिंतींवर आला आणि ‘वुडचिप’ या नावाने ब्रिटनमध्येही घरोघरी पोचला. लिनोलियमचे जनक फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८७७ मध्ये जवसाच्या घट्ट केलेल्या तेलापासून ‘लिंक्रस्टा’ हे उठावदार नक्षीचे आवरण काढले. दहा वर्षांनी थॉमस पामर यांनी कागदाच्या लगद्यापासून हलके आणि स्वस्त ‘ॲनाग्लिप्टा’ आणले. हे सारे प्रकार भिंतीला लावायचे आणि त्यांवर रंग द्यायचा, अशीच त्यांची रीत. दर काही वर्षांनी रंगाचा नवा हात बसत गेला आणि भुशाच्या त्या बारीक दाण्यांभोवती जाड कवच तयार झाले.

साध्या छापील कागदावर रंग चढण्यामागे निराळी कारणे होती. जुना गिलावा भेगाळलेला असे आणि कागदच त्याला धरून ठेवी. कागद ओढला तर गिलावाही खाली येईल, ही भीती खरी होती. भाड्याचे घर रिकामे झाले, की नवा भाडेकरू येण्यापूर्वी एका दिवसात खोली उजळून काढायची असे. त्यातच दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात मिसळून लावायचे इमल्शन रंग बाजारात आले. ते कागदावर सहज बसत आणि लवकर वाळत. त्यामुळे कागद काढण्याचे काम पुढच्या मालकावर ढकलणे सोपे झाले.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांना हा प्रश्न सहसा पडला नाही. इथल्या भिंतींना चुना लागे, पुढे डिस्टेंपर आला, मग ऑइल पेंट आणि इमल्शन. पावसाळ्यातली ओल, बुरशी आणि खळीवर जगणारी कसर यांपुढे भिंतीवरचा कागद टिकणे कठीणच. शहरांतल्या फ्लॅटमध्ये अलीकडे दिसणारा वॉलपेपर बहुधा प्लॅस्टिकचा थर असलेला असतो. पण लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला भिंतीवरच्या रंगामागे काय दडले असेल, याची इथल्या अनुभवावरून कल्पना येत नाही. म्हणून या कामाची तोंडओळख त्यांना विशेष उपयोगाची.

खळ, पाणी आणि रंग

जुन्या वॉलपेपरमागची खळ म्हणजे गव्हाच्या पिठाची, स्टार्चची खळ. पतंग चिकटवायला किंवा वह्या-पुस्तके बांधायला घरी शिजवतात, जवळपास तीच. गव्हातले स्टार्चचे कण पाण्यात साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सियसला फुगतात आणि चिकट लगदा होतो. तो वाळला, की स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. रात्रीचा भात सकाळी कडक होतो तो याच कारणाने. आणि वाफ दिल्यावर तोच भात मऊ होतो, तोही याच कारणाने. भिंतीवरची जुनी खळ शिळ्या भातासारखी वागते. तिला पाणी हवे, आणि ऊबही हवी.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून मिथाइल सेल्युलोजसारख्या पदार्थांची तयार खळही वापरात आली. तिची गंमत उलटी आहे. मिथाइल सेल्युलोज थंड पाण्यात विरघळतो आणि गरम पाण्यात त्याची जेली होते. त्यामुळे अशा खळीला कढत पाण्यापेक्षा साधे पाणी आणि सबुरी अधिक मानवते. भिंतीवर कोणती खळ आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून एका कोपऱ्यात आधी कोमट पाणी, मग वाफ, असे दोन्ही करून पाहणे चांगले.

उघडा कागद पाणी पितो. वात तेल शोषते तसे कागदाचे तंतू पाणी आत ओढतात आणि काही मिनिटांत ते खळीपर्यंत पोचते. रंग दिलेल्या कागदावर मात्र पाणी ओघळून जाते. इमल्शनचा वाळलेला पापुद्रा हा प्लॅस्टिकच्या जातीचा असतो. त्यातून थोडी वाफ ये-जा करते, पण पाण्याचे थेंब जवळजवळ आत शिरत नाहीत. ऑइल पेंटचा पापुद्रा त्याहून घट्ट. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या भिंतींवर चकचकीत ऑइल पेंटचे तीन-चार हात असतील, तर नुसते पाणी मारून दिवसभरातही काही साधत नाही. काम सुरू होते ते या पापुद्र्याला वाटा पाडण्यापासून.

आधी भिंतीची ओळख

रंगाखाली कागद आहे का, हे कळायला विजेरी पुरते. खोलीत अंधार करून विजेरी भिंतीला लगटून धरावी. उजेड तिरपा पडला, की दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीवर उभ्या रेषा उठून दिसतात. त्या कागदाच्या पट्ट्यांच्या सांध्यांच्या असतात. ब्रिटनमधल्या वॉलपेपरची रुंदी बहुधा २१ इंच, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर. त्यामुळे दर अर्ध्या मीटरच्या आसपास एक रेष सापडली, तर शंका राहत नाही. काही वेळा पूर्वीच्या नक्षीचा पुसटसा उठावही दिसतो. खात्री करायची, तर मेन स्विच बंद करून एखाद्या स्विचची झाकणपट्टी सोडवावी. तिच्याखाली कागदाची कापलेली कड आणि रंगाचे थर स्पष्ट मोजता येतात.

त्यानंतरचा प्रश्न कागदामागे काय आहे, हा. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश आणि अमेरिकन घरांत आतल्या भिंती बहुधा लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा चढवून केलेल्या असतात. गिलाव्यात जनावरांचे केस मिसळलेले असतात, आणि पट्ट्यांच्या फटींतून मागे गेलेला गिलावा हुकासारखा अडकून सारा भार धरतो. हे हुक तुटले, की गिलावा जागेवर दिसतो खरा, पण सुटलेला असतो. बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून पाहावी. घट्ट भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा पोकळ. पोकळ जागा पेन्सिलीने आखून ठेवाव्यात. तिथे पाणी आणि वाफ कमीत कमी वापरायची.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन घरांत जिप्समच्या तक्त्यांच्या भिंती असतात. जिप्समच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी जाड कागद लावून हे तक्ते तयार होतात. म्हणजे कागदावर कागद, आणि मधे खळ. वॉलपेपर लावण्यापूर्वी तक्त्याला अस्तर दिलेले नसेल, तर दोन्ही कागद एकजीव होतात. अशा भिंतीवर जास्त पाणी मारले किंवा खरवडायची पत्री जोरात चालवली, की तक्त्याचा स्वतःचा कागद सोलून निघतो. नवशिक्या हातून होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच.

थरांतले विष

जुन्या थरांना हात लावण्यापूर्वी त्यात काय असू शकते, हे जाणून घेणे गरजेचे आहे. पहिला धोका शिशाचा. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त रंगांची सर्वसाधारण विक्री १९९२ मध्ये थांबली. भारतात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे जुन्या रंगाबाबतची ही सावधगिरी महाराष्ट्रातल्या जुन्या घरालाही तितकीच लागू पडते. शिसे पोटात किंवा श्वासात जाते ते धुळीतून. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. शिसे निघाले तर कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारू नये, रंगावर आगीची ज्योत धरू नये, आणि शक्य तर प्रशिक्षित माणसांकडूनच काम करून घ्यावे. काम चालू असताना लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी त्या घरात थांबू नये.

दुसरा धोका आर्सेनिकचा. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिक यांपासून झळझळीत हिरवा रंग तयार केला. त्याच्या जातीचा आणखी देखणा हिरवा १८१४ मध्ये आला. एकोणिसाव्या शतकात हे हिरवे रंग वॉलपेपरवर सर्रास छापले जात. विल्यम मॉरिस यांच्या कारखान्याच्या सुरुवातीच्या वॉलपेपरमध्येही पुढे तपासणीत आर्सेनिक आढळले. ओल धरलेल्या अशा कागदावरची बुरशी आर्सेनिकचा विषारी वायू सोडते, हे इटलीतील बार्तोलोमेओ गोझिओ यांनी १८९०च्या दशकात दाखवून दिले. व्हिक्टोरियन घरात रंगाखालून जुना हिरवा कागद दिसू लागला, तर तो खरवडत बसू नये. काम थांबवून नमुना तपासून घ्यावा.

तिसरा धोका ॲस्बेस्टॉसचा. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये छतांना आणि भिंतींना नक्षीचा जाड खडबडीत लेप देत, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. कागदाखाली किंवा कागदाशेजारी असा लेप दिसला, तर तपासणी होईपर्यंत तो खरवडू नये आणि घासू नये.

तयारी आणि अवजारे

खोली रिकामी करावी, जमिनीवर प्लॅस्टिक आणि त्यावर जाड जुनी चादर अंथरावी. प्लॅस्टिक पाणी अडवते आणि चादर ते शोषून घेते. नुसत्या प्लॅस्टिकवर ओला कागद पडला, की पाय घसरतो. त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य पेटीपाशी बंद करावा आणि स्विचबोर्ड चिकटपट्टीने झाकावेत. उजेडासाठी आणि पुढे लागणाऱ्या वाफेच्या यंत्रासाठी वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी.

अवजारे थोडीच लागतात: तीन ते चार इंच रुंद पात्याची पत्री, छिद्रे पाडायचे काटेरी चाक, पाण्याची फवारणी, दोन बादल्या, स्पंज, हातमोजे, चष्मा आणि मास्क. पत्रीचे पाते सरळ आणि धारेला स्वच्छ असावे, पण तिचे दोन्ही कोपरे कानशीने थोडे गोल करून घ्यावेत. गिलाव्यावर ओरखडे काढतात ते बहुधा हे कोपरेच. ही दोन मिनिटांची तयारी पुढे लांबी भरण्याचे तासन्‌तास वाचवते.

वाटा पाडणे आणि भिजवणे

सुरुवात कोरड्याने करावी. सांध्याजवळची सुटलेली कड पत्रीने उचलावी आणि कागद भिंतीला जवळजवळ समांतर धरून हळूहळू खालून वर ओढावा. सरळ आपल्याकडे ओढला, तर तो फाटतो आणि गिलाव्याचे पोपडेही सोबत येतात. काही वेळा रंगासह वरचा कागद सलग पट्टीने निघतो आणि मागे नुसता पातळ तपकिरी अस्तर कागद राहतो. तसे झाले, तर अर्धे काम सरले. उरलेला कागद उघडा असल्याने तो पाणी पितो. प्लॅस्टिकचा थर असलेला वॉलपेपर बहुतेक वेळा असाच निघतो.

कागद कोरडा सुटला नाही, तर काटेरी चाक हाती घ्यावे. ते गोल गोल फिरवत नेले, की रंगाला बारीक छिद्रे पडतात. दाब हलका हवा. छिद्र रंगापुरते आणि कागदापुरतेच पडावे. मागच्या भिंतीपर्यंत पोचले, तर प्रत्येक टोचणीची खूण नव्या रंगाखालून दिसत राहते. जिप्समच्या तक्त्यावर हे चाक टाळलेलेच बरे. तिथे खरखरीत पॉलिश पेपरने रंगाची चकाकी मोडावी, अर्थात त्या रंगात शिसे नाही याची खात्री झाल्यावरच.

मग पाणी. बादलीभर गरम पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाकावेत. साबणाने पाण्याचा पृष्ठताण निम्म्याच्या आसपास उतरतो आणि ते थेंब धरून न बसता छिद्रांत शिरते. खळ पिठाची असेल, तर बाजारात मिळणारे एन्झाइमचे द्रावण उपयोगी पडते. चपातीचा घास बराच वेळ चावला, की गोड लागतो, कारण लाळेतला अमायलेज स्टार्चच्या साखळ्या तोडून त्यांची साखर करतो. या द्रावणातले एन्झाइम भिंतीवर तेच काम करते. उकळत्या पाण्यात मात्र ते निकामी होते, म्हणून पाणी कोमटच असावे. मिथाइल सेल्युलोजवर ते चालत नाही.

पाणी वरून खाली मारावे, कारण ओघळही पुढचा भाग भिजवतात. एका वेळी दीड-दोन मीटर रुंदीचाच पट्टा घ्यावा. पहिल्या फवाऱ्यानंतर पाच-दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पंधरा ते वीस मिनिटे भिजू द्यावे. वर स्वयंपाकघरातले पातळ प्लॅस्टिक चिकटवले, तर पाणी उडून न जाता आतच मुरते. कागद तयार झाला, की तो स्वतःच सांगतो. त्याचा रंग गडद होतो, छिद्रांभोवती ओलसर कडी उमटतात आणि बोटाने दाबल्यावर कागद भिंतीवर किंचित सरकतो. या खुणा दिसेपर्यंत पत्री उचलू नये. भिजलेला कागद सायीसारखा गोळा होत सरकतो. पत्रीला जोर लावावा लागला, तर कागद अजून भिजलेला नाही असे समजून पुन्हा पाणी मारावे.

वाफेचे यंत्र

रंगाचे थर जाड असतील किंवा कागदाचे थर अनेक असतील, तिथे वाफेचे यंत्र लागते. साधारण चार लिटरची टाकी, आत सुमारे दोन हजार वॅटचा हीटर, एक लांब नळी आणि तिच्या टोकाला ताटलीसारखा चौकोनी भाग, एवढीच त्याची रचना. ब्रिटन-अमेरिकेत ते भाड्यानेही मिळते.

वाफेची ताकद तिच्या सुप्त उष्णतेत आहे. १०० अंशांचे एक किलो पाणी ६० अंशांवर उतरते, तेव्हा ते सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता देते. तेवढ्याच तापमानाची एक किलो वाफ भिंतीवर निवून नुसते पाणी झाली, तरी सुमारे २२५७ किलोज्यूल सोडते, म्हणजे तेरा-चौदा पट. शिवाय वाफ बारीक छिद्रांत जाते आणि तिथेच तिचे पाणी होते. खळीला हव्या असलेल्या पाणी आणि ऊब या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, अगदी जागेवर मिळतात. वर उष्णतेने इमल्शनचा पापुद्राही मऊ पडतो.

ताटली भिंतीवर टेकवून अर्धा ते एक मिनिट धरावी. कडांतून वाफ निसटू लागते, आत खळीचा शिजल्यासारखा वास सुटतो, आणि ताटली हलवल्यावर खालचा चौकोन गडद, किंचित फुगलेला दिसतो. एका हाताने ताटली शेजारच्या जागेवर न्यावी आणि दुसऱ्या हाताने आधीचा चौकोन लगेच खरवडावा. तो निवला, की पुन्हा धरतो. काम खालून वर नेले, तर वर चढणारी वाफ पुढचा भाग आधीच ओलावून ठेवते. ताटलीतून उकळते पाणी गळते, त्यामुळे ती डोक्यावर धरून काम करू नये. लांब बाह्या आणि मनगट झाकणारे हातमोजे घालावेत.

जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर ताटली एका जागी मिनिटाहून जास्त वेळ ठेवू नये. आत शिरलेली वाफ सैल गिलाव्याला मागून उचलते आणि थाळीएवढा तुकडा एकदम सुटून येतो. पेन्सिलीने आखलेल्या पोकळ जागांवर वाफ न वापरता फवाऱ्यावरच भागवावे.

किती वेळ लागेल, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीच्या चारही भिंती मिळून ३५ चौरस मीटर होतात. ताटली तीस सेंटिमीटर गुणिले वीस सेंटिमीटरची धरली, तर ती सुमारे ५८० वेळा टेकवावी लागते. दर वेळी अर्धा ते एक मिनिट म्हणजे एका थरासाठी पाच ते दहा तास. दारे-खिडक्यांमुळे थोडी घट होते, पण थर दोन-तीन असले, तर दिवसही तितकेच धरावेत. एका वेळी एक भिंत पुरी करणे, हा यातला शहाणपणाचा मार्ग.

खळ धुऊन काढणे

कागद निघाला म्हणजे काम संपले, असे समजणे ही यातली नेहमीची चूक. भिंतीवर खळीचा पातळ थर उरतोच. त्यावर नवा रंग दिला, की रंगातल्या पाण्याने खळ पुन्हा फुगते, वाळताना आकसते आणि वरच्या रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पाडते. म्हणून दोन बादल्या: एकीत कोमट साबणपाणी, दुसरीत स्वच्छ पाणी. स्पंजने भिंत घासावी, पिळावी, पुसावी. पाणी गढूळ झाले, की बदलावे.

स्टार्चची खळ उरली आहे का, हे पाहायला एक सोपी कसोटी आहे. पाण्यात टिंक्चर आयोडीनचे थोडे थेंब टाकून ते भिंतीवर एखाद्या कोपऱ्यात फवारावे. स्टार्च असेल तिथे निळा-जांभळा डाग उमटतो. शाळेत बटाट्याच्या फोडीवर केलेला प्रयोग हाच. मिथाइल सेल्युलोजची खळ अशी ओळखता येत नाही. तिच्यासाठी ओले बोट भिंतीवर फिरवावे. बुळबुळीत लागले, तर धुणे बाकी आहे. धुतल्यावर भिंत खिडक्या उघड्या ठेवून निदान दोन-तीन दिवस वाळू द्यावी. चुन्याच्या गिलाव्याला त्याहून जास्त वेळ लागतो.

दुरुस्ती आणि नवा रंग

वाळलेल्या भिंतीवर खड्डे, ओरखडे आणि भेगा दिसू लागतात. लहान खड्डे लांबीने भरावेत. सैल गिलावा काढून तिथे नवा करावा. जुनी भिंत चुन्याची असेल, तर चुन्याचाच गिलावा वापरावा, कारण सिमेंट ओल आत कोंडते. जिप्समच्या तक्त्याचा कागद सोलला गेला असेल, तर सुटलेली कड धारदार पात्याने कापून त्यावर आधी लाखेचे किंवा तेलाचे अस्तर द्यावे. त्याशिवाय लांबी भरली, तर तिच्यातल्या पाण्याने उघडा पडलेला कागद फुगतो.

उरल्यासुरल्या खळीचा बंदोबस्तही हेच अस्तर करते. त्यात पाणी नसल्याने ते खळ जागी करत नाही. अस्तर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारावा, धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. भिंत फारच खडबडीत निघाली, तर गवंड्याकडून तिच्यावर सबंध पातळ गिलावा फिरवून घ्यावा.

कागद कधी काढू नये

काही भिंतींवरचा कागद तसाच ठेवणे योग्य ठरते. वाजवून पाहिल्यावर बहुतेक गिलावा पोकळ निघाला, तर कागदासह गिलावाच काढून नवी भिंत करावी, किंवा आहे त्यावर जिप्समचे तक्ते ठोकून घ्यावेत. शिसे असलेला रंग घट्ट आणि अखंड असेल, तर त्याला न छेडता वरून झाकणे हा काढण्यापेक्षा सुरक्षित मार्ग असू शकतो. लिंक्रस्टा तेलाचा असल्याने पाण्याला दाद देत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीची त्याची नक्षी आज पुन्हा करून घ्यायची, तर फार महाग पडते. तो शाबूत असेल, तर नुसता रंग नवा करावा. खालच्या थरांत ठशांनी छापलेला किंवा हाताने रंगवलेला जुना कागद दिसला, तर पत्री बाजूला ठेवून जाणकार संवर्धकाला बोलवावे. निदान प्रत्येक थराचा तळहाताएवढा तुकडा तारीख आणि खोलीचे नाव लिहून जपून ठेवावा. टेनेमेंट म्युझियमसारख्या ठिकाणी राहत्या घरांचा इतिहास कळला, तो असे थर शाबूत राहिल्यामुळेच.

काढलेला कागद रंगामुळे खतात जात नाही आणि रद्दीतही चालत नाही. शिसे, आर्सेनिक किंवा ॲस्बेस्टॉस असल्यास तो जाड पिशवीत बांधून स्थानिक प्रशासनाच्या नियमाप्रमाणेच द्यावा.

पुढे कधी वॉलपेपर लावायचा झाला, तर भिंतीला आधी चांगले अस्तर द्यावे, आणि जुन्या वॉलपेपरवर रंग देण्याचा मोह टाळावा. आज टाळलेले दोन दिवसांचे काम उद्याच्या राहणाऱ्यासाठी आठवड्याचे होते.